मेदोवृद्धीच्या आड लपलेला मांसक्षय

वृद्धी आणि क्षय ही धातूंची दोन विरुद्ध टोके म्हणून आपण विद्यार्थीदशेत पाठ करतो. चिकित्सालयात मात्र ती पुष्कळदा एकाच देहात नांदताना दिसतात. अतिस्थूल पुरुषात मेदच वाढत राहतो, इतर धातू तसे वाढत नाहीत, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे अन्य धातूंचे पोषण खुंटते, असे माधवकर त्याचे कारण देतात.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! वजनकाटा धातू ओळखत नाही, हेच खरे. आपल्या जिल्ह्यात डेरवण येथेही किशोरवयीन मुलींच्या देहरचनेचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेण्यात आला आहे.

येथे माझी एक चूक नमूद करणे अगत्याचे वाटते. पंचावन्न वर्षांची, मधुमेह असलेली एक गृहिणी. उदर लंबायमान, म्हणून तीन महिने लेखन द्रव्ये आणि एकभुक्त आहार दिला. वजन सहा किलोंनी उतरले, ती व मी दोघेही समाधानी. पुढे तिला पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागू लागला. तेव्हा कुठे मी तिच्या मांड्या व पोटऱ्या पाहिल्या. मांसक्षयाच्या लक्षणांत स्फिक्, ग्रीवा व उदर यांची शुष्कता सांगितली आहे. येथे उदरावरील मेदाने ते चिन्हच झाकले होते.

म्हणून मोजपट्टी कमरेबरोबर पोटरीलाही लावावी. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंमीपेक्षा कमी असल्यास मांसक्षयाची शंका घ्यावी. पायांवर शोथ असल्यास हे माप फसवते. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास बारा किंवा अधिक सेकंद लागल्यास शंका बळावते.

चिकित्सेत केवळ लंघन नको. स्थूलासाठी शास्त्राने ‘गुरु परंतु अपतर्पण’ अन्न सांगितले आहे. त्यात मूग व कुळीथ आहेत, आणि सोबत व्यायामही. कोकणात कुळथाची पिठी घरोघरी होते, ती पथ्य म्हणून सांगताना रुग्ण कुरकुरत नाही. भाताचे प्रमाण कमी करा म्हटले की मात्र कुरकुरतो!

औषधालयचालकांनाही एक विनंती. ‘पोट कमी करायचे औषध द्या’ म्हणणाऱ्या, विशेषतः उतारवयातील, ग्राहकाच्या हाती मेदोहर गुग्गुळाची डबी देण्यापूर्वी त्याला वैद्याकडे पाठवावे.