पूर्ण कोयता

पावसाळा सरत आला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर या भागांत ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, वाटू लागतो. माणसे मोजली जातात ती कोयत्यांत. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. उचलही त्याच मापाने मिळते.

ही मोजणी कशावर उभी आहे, ते उसाच्या फडात कळते. दोघेही वाकून ऊस तोडतात. पाचट सोलणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणे हे बहुतेक बाईकडे. त्याआधी पहाटे कोपीपुढे, म्हणजे फडावरच्या झोपडीपुढे, चूल पेटवून भाकऱ्या थापून झालेल्या असतात. जानेवारी 2024च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. तो दोघांच्या घामाचा असतो, पण व्यवहार मुकादम आणि नवरा यांच्यातच ठरतो. एक दिवस खाडा झाला, म्हणजे काम चुकले, की मजुरी तर बुडतेच, वर दंड कापतात.

अशा ठिकाणी लग्न घर मांडण्यासाठी होते, तसेच मजुरीची जोडी जुळवण्यासाठीही. पोराचे लग्न लावले की तो पूर्ण कोयता होतो, त्याच्या नावावर वेगळी उचल निघते आणि लग्नाचे कर्जही तिच्यातून फिटते. मुलीच्या आईबापांची कोंडी वेगळी. वयात आलेल्या पोरीला हंगामाचे सहा महिने म्हाताऱ्यांच्या भरवशावर गावी ठेवायची, की दार नसलेल्या कोपीत न्यायची? मग हंगामाच्या तोंडावर घाईघाईने लग्न उरकतात. त्याला ‘गेटकेन’ लग्न म्हणतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याची सरासरी 21.9 टक्के. या फरकाला निव्वळ ‘मागासलेली मानसिकता’ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. त्यामागे उचलीचा रोकडा हिशेब आहे.

त्याची किंमत बाईच्या शरीराने मोजली. 2019मध्ये गर्भपिशवी काढण्याच्या प्रकारांची चौकशी करणाऱ्या शासकीय समितीच्या कामात बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कोवळ्या वयातली बाळंतपणे, पाण्यावाचूनचे मुक्काम, पाळीतही डोक्यावर मोळी आणि खाड्यात बुडणाऱ्या मजुरीची धास्ती. अशा बाईला दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली की ती ऑपरेशनला तयार होते.

अशी लग्ने रोखणारा बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 सालचा. महाराष्ट्रात गावपातळीवर तो राबवायचा ग्रामसेवकाने. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचे कामही त्याच्याकडेच आले. म्हणजे कोणत्या घरातून यंदा नवी जोडी फडावर निघाली, हे एकाच टेबलावर दिसू शकते. पण लग्नाचा कागद आणि मजुरीचा कागद एकमेकांशेजारी ठेवून कुणी पाहत नाही.

जोडीच्या या हिशेबात विधवा आणि टाकलेल्या बायांचे हाल आणखी वेगळे. काम तेच येते, हातही तेवढेच चालतात, पण जोडीला गडी नाही म्हणून मुकादम उचल द्यायला कचरतो. मग भाऊ, दीर किंवा वयात येणारा मुलगा, कुणाला तरी बरोबर घेऊन कोयता पुरा करावा लागतो.