मोडीतली शिवराई आणि दिवसभराची हुज्जत

सकाळी ७
कोपरगाव बेटातल्या शुक्राचार्यांचं दर्शन झालं की आमची मंडळी चहाच्या टपरीवर जमते. इतिहासाचे निवृत्त शिक्षक, त्यांना सगळं गाव सर म्हणतं, बँकेतले कॅशियर, सराफीचं दुकान असलेले शेठ, आणि भांड्यांचं दुकान चालवणारा मी. चौघांनाही जुन्या नाण्यांचा नाद. टपरीवाला दहाचं नाणं घेताना अजूनही कां-कूं करतो. कॅशियर त्याला न चिडता समजावतात, की रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय, दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने चलनात आहेत.

"चौदा विद्या झाल्या," शेठ म्हणाले. "चौसष्ट कला कुठं आहेत?"

"त्या ३१ मार्च १९५७ पर्यंत होत्या," सर म्हणाले. "तोवर रुपयाचे पैसे चौसष्टच होते."

टपरीवाल्याने हसत नाणं गल्ल्यात टाकलं.

सकाळी ९.३०
दुकान उघडलं की पहिलं काम मोडीचं. जुने हंडे, कळश्या, घंगाळी, पाण्याचे बंब वजनावर देऊन लोक नवी भांडी नेतात. आलेली मोड भट्टीकडे पाठवण्याआधी मी पंच्यावर पसरून बघतो, कारण माळ्यावरून थेट दुकानात आलेल्या भांड्याच्या तळाशी नाणी सापडतात. नेहमीचा पाहुणा म्हणजे भोकाचा पैसा. महायुद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून तो पाडला गेला.

आज एक मावशी हंडा घेऊन आल्या. हंड्यात फडक्याची पुरचुंडी, त्यात काळपट जाड तांब्याचे चार तुकडे. एकावर 'राजा' स्पष्ट वाचता आलं. शिवराई!

"मावशी, हे हंड्याच्या वजनात धरायचं नाही. कुठून आलं घरात?"

"सासूबाईंच्या डब्यात होतं. त्या येवल्याकडच्या."

मी येवला लिहून घेतलं, वजन केलं, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि पुरचुंडी परत बांधून दिली. "चिंच लावून घासू नका, देवघरात अशीच ठेवा," एवढं बजावून सांगितलं.

सकाळी ११.३०
फोटो पाहून शेठ समोरून रस्ता ओलांडून आले, सर सायकल लावून बसले आणि हुज्जत सुरू झाली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच उतरतात. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे वेलांटी दीर्घ. ही अक्षरं शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झाली आणि महाराजांमागेही, पार पेशवाई संपेपर्यंत, नाण्यांवर तीच राहिली. त्यामुळे हातातलं नाणं नेमकं कोणत्या काळातलं, हा आमच्या छंदातला सगळ्यात जुना वाद आहे.

"मावशींची महाराजांच्या काळची," शेठनी निकाल दिला.

"शेठ, तुमच्याकडे आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्याच काळची असते. मग पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत लोकांनी बाजार कशाने केला?"

शेठही हसले. मग सरांनी फोटो मोठा करून अक्षरांच्या मधल्या दोन आडव्या रेघा दाखवल्या. ही दुदांडी. ती उत्तर पेशवाईतली मानली जाते. शेठनी दोनदा भिंग लावलं आणि मान्य केलं. आमच्यात हरलेल्याने चहा सांगायचा असतो. शेठनी सांगितला.

दुपारी १.३०
जेवायला घरी. सौ.नी एकच मर्यादा घालून दिली आहे, "लक्ष्मीपूजनाचे रुपये तुमच्या अल्बममध्ये जायचे नाहीत." ते व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये. दर दिवाळीला हळदकुंकू लागून राणीच्या केसांत पिवळा-तांबडा रंग बसलाय. ते स्वच्छ करावेत का, यावर आमच्यात दोन तट आहेत. शेठ लखलखीत चांदीचे भक्त. सर म्हणतात, आंघोळ घातलेलं नाणं म्हणजे पानं फाडलेली पोथी. मी सरांच्या बाजूचा. धातूवर काळाने चढवलेला थर खरवडला की नाण्याचा कस कळतो, पण वय सांगणारी त्वचा जाते. ती पुन्हा येत नाही.

दुपारी ३.३०
एक कॉलेजचा मुलगा आला. शिर्डी इथून जवळ. तिथून घेतलेलं पितळी नाणं त्याने काउंटरवर ठेवलं. एका बाजूला राम दरबार, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. "काका, व्हिडिओत याला लाखांचा भाव सांगतात. आधी नोंदणीचे पैसे भरायचेत."

"बाळा, एक पैसाही भरू नकोस." कंपनीने असलं नाणं कधीच पाडलं नाही. हे देवाच्या नावाचं अलीकडचं पदक आहे. भक्तीने ठेवावं, भावाने विकू नये. नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. मुलगा हिरमुसला, म्हणून त्याला गल्ल्यातली चिल्लर ओतून दिली आणि सालाखालच्या खुणा शोधायला लावल्या. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याला खूणच नाही. तासभर तो मान वर करेना.

सायंकाळी ५.३०
नदीकाठच्या गावातले एक शेतकरी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "शेतात मडकं लागलं तर काय करायचं हो?" लागलंय की लागलं तर, हे मी विचारलं नाही. कायदा मात्र सांगितला. १८७८ चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तहसील कचेरीत जा, मडकं हलवू नका, एकही नाणं वाटू नका.

मग त्यांना जोगलटेंभीची गोष्ट सांगितली. आपल्याच गोदावरीवर, वर सिन्नर तालुक्यातलं हे गाव. १९०६ मध्ये तिथं चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी एकत्र सापडली. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हं, चैत्य आणि उज्जैनी चिन्ह, पुन्हा ठोकलेली. हरवलेल्या शत्रूचा पैसा वितळवायचीही वाट न बघता त्याने आपला करून चालवला. हे कळलं ते साठा एकत्र तपासला गेला म्हणून. चार घरांत वाटला असता तर उरले असते नुसते चांदीचे तुकडे. शेतकरी उठताना म्हणाले, "उद्या कचेरीत जातो."

रात्री ८
दुकान बंद करून सरांच्या ओसरीवर बैठक. आज ताटात १८६२ चा रुपया. हे साल पुढे १८७४ पर्यंत तसंच छापलं जात राहिलं आणि सालाजवळ ठिपके वाढत गेले. ते ठिपके वर्षं मोजतात की नाही? कॅशियर नाणी ओळीने लावून मोजायला बसले, शेठनी प्रत्येक ठिपक्याला आक्षेप घेतला. विषय मग १९११ च्या पंचम जॉर्जवर गेला. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि सरकारला नाणी मागे घेऊन नवा ठसा करावा लागला. "भिंग लावून बघणारे आपण पहिले नाही," सर म्हणाले.

निघताना कॅशियरांनी त्यांचा आवडता प्रश्न टाकला. १७८३ साली कोपरगावच्या वाड्यात राघोबादादांनी अखेरचे दिवस काढले, तेव्हा त्यांच्या पेटीत रुपये कोणते असतील? शेठ म्हणाले, जवळच्या चांदवडच्या टांकसाळीचे. सर म्हणाले, पुण्याचे अंकुशी. कागद कुणाकडेच नव्हता, म्हणून चहा कुणीच सांगितला नाही.

रात्री १०
वहीत आजच्या शिवराईची नोंद. वजन, व्यास, अक्षरं, येवला. शेवटचा रकाना मतभेदांचा. त्यात लिहिलं: 'शेठ: आधी शिवकाळ, मग दुदांडी मान्य. सर: उत्तर पेशवाई.' नाणं मावशींच्या देवघरात आहे आणि तिथंच ते शोभतं. आमच्याकडे त्याचा पत्ता आहे आणि त्यावरचं भांडण आहे. भाव दर वर्षी बदलेल. पण कोणी काय म्हटलं आणि कशावरून म्हटलं, हे लिहून ठेवलं तर उद्याचा एखादा जाणकार आम्हा चौघांनाही खोडून काढू शकेल. त्याने तसं करावं, म्हणूनच ही वही आहे.