चार पायांची सोबत (लेखांक ७) : बरं वाटू लागल्यानंतरचे महिने

गेल्या आठवड्यात म्हाताऱ्या कुत्र्यांच्या झिजलेल्या सांध्यांबद्दल लिहिलं होतं. ते दुखणं वयाबरोबर सावकाश येतं आणि घरच्यांनाही त्याची सवय होत जाते. आजचा आजार तसा वेळ देत नाही. चार वर्षांचा धडधाकट कुत्रा, परवापर्यंत दारावरची बेल वाजली की सगळ्यांत आधी धावणारा, एका सकाळी जागेवरून उठतच नाही. उठवला तर कण्हतो, दोन पावलं टाकतो आणि थांबतो. काल उजवा पाय उचलून धरत होता, आज डावा धरतोय. अंग तापलेलं असतं. समोर पनीरचा तुकडा धरला तरी मान फिरवतो.

घरात तर्क सुरू होतात. कुणी दगड मारला असेल, सोफ्यावरून उडी चुकली असेल, काटा रुतला असेल. पण मार लागलेला पाय एकच असतो आणि दुखणं तिथंच राहतं. पाय आळीपाळीने दुखत असतील, सोबत ताप असेल आणि अँटिबायोटिक देऊनही तो उतरत नसेल, तर एक शंका घ्यायलाच हवी: या कुत्र्याची प्रतिकारशक्ती त्याच्याच सांध्यांवर उलटली आहे का? या आजाराला इम्यून-मीडिएटेड पॉलीआर्थ्रायटिस म्हणतात. दवाखान्यात आम्ही नुसतं ‘आयएमपीए’ म्हणतो.

शरीरात एखादं परकं प्रथिन शिरलं की प्रतिपिंडं त्याला जाऊन चिकटतात आणि या जोड्या रक्तातून साफ केल्या जातात. आयएमपीएमध्ये त्या सांध्याच्या आतल्या अस्तरात अडकतात. त्यांना हटवायला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने तिथं जमतात, आपली पाचक रसायनं सोडतात आणि सांधा आतून धगधगू लागतो. पुढच्या पायाचं मनगट आणि मागच्या पायाचा घोटा हे सांधे बहुधा आधी सापडतात. सूज डोळ्यांना दिसेलच असं मात्र नाही. कित्येक कुत्री फक्त ताप आणि मरगळ घेऊन येतात. म्हणून कारण न सापडणारा ताप असलेल्या प्रत्येक कुत्र्याचा एकेक सांधा हळुवारपणे वाकवून पाहावा, या मताचा मी आहे. त्याला दोन मिनिटं लागतात.

या आजाराचा एक प्रकार हाड आणि कूर्चा कुरतडत जातो. माणसांच्या संधिवाताशी त्याचं जवळचं नातं आहे, पण कुत्र्यांत तो क्वचितच आढळतो. बहुतेक कुत्र्यांना होतो तो दुसरा प्रकार. त्यात एक्स-रेवर हाडं शाबूत दिसतात आणि दाह वेळीच शमला तर सांधा पूर्ववत होऊ शकतो. ही फार मोठी दिलाशाची गोष्ट आहे आणि निदान कळल्यावर रडू लागलेल्या घरच्यांना मी ती सगळ्यांत आधी सांगतो.

दाह का सुरू झाला, याचा शोध घ्यावा लागतो. कधी मूळ दुसरीकडेच असतं: हृदयाच्या झडपेवरचा किंवा गर्भाशयातला जंतुसंसर्ग, आतड्याचा किंवा यकृताचा जुना आजार, लपलेली गाठ, नाहीतर एखादं औषध. डॉबरमनला सल्फा गटाच्या औषधांनी असा त्रास होऊ शकतो, हे पशुवैद्यकात जुनं आणि माहितीचं उदाहरण आहे. पुष्कळ कुत्र्यांत सगळं तपासूनही कारण हाती लागत नाही. आपल्याकडे मात्र पहिला संशय गोचिडांवर. तपकिरी गोचीड एर्लिकियाचे जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडते. त्यातून ताप येतो, प्लेटलेट घटतात आणि सांधेही दुखतात. त्यामुळे रक्ततपासणी आधी. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स पूर्ण करायचा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या डब्यात ठेवून द्यायच्या नाहीत.

आयएमपीएचं निदान पक्कं होतं ते सांध्यातलं पाणी काढून. या तपासणीला घरची माणसं घाबरतात, म्हणून ती जरा तपशिलाने सांगतो. कुत्र्याला हलकी भूल देतात. मनगटावरचे केस काढून त्वचा शस्त्रक्रियेआधी करतात तशी स्वच्छ करतात. पंजा थोडा दुमडला की मनगटाच्या पुढच्या बाजूला बोटाखाली एक खाच लागते. तिथून अगदी बारीक सुई आत जाते आणि सिरिंजच्या तोंडाशी एक-दोन थेंब जमतात. तेवढे पुरतात. निरोगी सांध्यातला थेंब काचपट्टीवर टेकवून सुई वर उचलली की एकतारी पाकासारखी तार सुटते. दाह झालेल्या सांध्यातला थेंब पाण्यासारखा पातळ असतो, तार धरत नाही, अनेकदा गढूळही असतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधीच अनुभवी डॉक्टरच्या चेहऱ्यावर उत्तर उमटतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतात. एरवी या द्रवात न्यूट्रोफिल शंभरात दहाच्या आतच असतात, इथे बहुतांश पेशी त्याच असतात. पाणी एकाच सांध्यातून काढून भागत नाही. निदान तीन-चार सांधे पाहावे लागतात, कारण न सुजलेल्या सांध्यातही दाह सापडतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. ताप आणि लंगडणं पाहून कुणी आधीच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की कुत्रा दुसऱ्या दिवशी शेपूट हलवू लागतो. घरचे खूश होतात. आठवड्याभरात दुखणं परत येतं. तोवर सांध्यातल्या पाण्याचं चित्र बदललेलं असतं, रक्ताचे अहवाल फसवे झालेले असतात, आणि आत एखादा जंतुसंसर्ग असेल तर तो बळावलेला असतो. म्हणून इंजेक्शन भरलं जात असेल तर शांतपणे विचारा, ‘डॉक्टर, यात स्टेरॉइड आहे का? आधी तपासण्या करून घ्यायच्या का?’ हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

निदान पक्कं झालं की उपचार स्टेरॉइडचेच. प्रेडनिसोलोन, म्हणजे घरातल्या आजीला सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कधीतरी मिळालेली तीच गोळी. सुरुवातीचा डोस सहसा दर किलो वजनामागे दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम. मोठ्या वजनाच्या कुत्र्यांत त्यालाही मर्यादा घालतात. परिणाम थक्क करणारा असतो. दोन-तीन दिवसांत, कधी चोवीस तासांतही, कुत्रा उठून दाराशी जातो.

या चमत्काराला इतिहास आहे. सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांतच त्या चालू लागल्या. १९५०चं नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन या तिघांना मिळालं. पण त्या पहिल्या रुग्णांच्या वेळीच आणखी एक गोष्ट दिसली होती: औषध थांबवलं की दुखणं परत यायचं. औषधाने आग विझते, आग लावणारी प्रवृत्ती लगेच जात नाही. कुत्र्यांनाही हे तंतोतंत लागू आहे.

म्हणूनच या लेखाचं शीर्षक तसं आहे. कुत्रा आजारी दिसतो ते दिवस त्या मानाने सोपे असतात, कारण सगळं घर त्याच्याभोवती असतं. तो बरा दिसायला लागला की खरी परीक्षा सुरू होते. महिनाभरातच फोन येतो, ‘डॉक्टर, तो एकदम ठणठणीत आहे हो! उगाच कशाला ती स्टेरॉइडं पोटात घालायची? बंद करू ना?’ यामागे प्रेमच असतं, हे मला कळतं. तरी उत्तर ठाम नाही असंच असतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना मूत्रपिंडांशेजारच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम जवळजवळ थांबवतात. गोळी एकदम बंद केली तर शरीराला कुठूनच पुरवठा उरत नाही. मग कुत्रा गळून जातो, उलट्या करतो, कोसळूही शकतो. शिवाय आजार उलटतो तो वेगळाच. डोस दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण पाव हिश्श्याने कमी करत जायचा, आणि प्रत्येक कपातीआधी कुत्रा तपासून घ्यायचा. शक्य तिथे रक्तातलं सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन पाहायचं किंवा सांध्यातलं पाणी पुन्हा काढायचं. एकंदर तीन ते सहा महिने धरून चाला. काहींना त्याहून जास्त लागतात.

या महिन्यांत घराचं वेळापत्रक बदलतं. कुत्रा पाण्याचं भांडं पुन्हा पुन्हा रिकामं करतो आणि रात्री दोन वाजता दाराशी उभा राहतो. घरात लघवी झाली तर त्याला रागावू नका, ते त्याच्या हातात नाही. पाणी कधीही तोडू नका. झोपण्याआधी एक फेरी वाढवा, बाल्कनीत जुनी वर्तमानपत्रं किंवा शोषून घेणारे पॅड ठेवा. भूक तर इतकी वाढते की कचऱ्याची बादली उलटी होते, ताटातली पोळी पळते. इथे आजी-आजोबांचं मन विरघळतं आणि चहाबरोबर बिस्किटं सुरू होतात. वाढणारा प्रत्येक किलो त्याच दुखऱ्या सांध्यांवर पडतो. हात रिकामा ठेवणं जमत नसेल तर काकडी, उकडलेली फरसबी, दुधीचे तुकडे द्या. गोळी मात्र भरल्या पोटीच. काळी, डांबरासारखी शी दिसली तर पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि वेदनाशामक! आपल्या घराघरांत औषधांचा डबा असतो आणि त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असतंच. कुत्रा कण्हतोय म्हणून त्यातली अर्धी गोळी देण्याचा मोह होतो. कृपा करून देऊ नका. या औषधांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. स्टेरॉइडसोबत दिली तर जठराला किंवा आतड्याला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. खास कुत्र्यांसाठीची मेलॉक्सिकॅमसारखी औषधंसुद्धा स्टेरॉइड चालू असताना देत नाहीत, आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवतात. आधी कुठे काय दिलं होतं, हे नव्या डॉक्टरला न लपवता सांगा. गेल्या वेळची चिठ्ठी किंवा रिकामी स्ट्रिप सोबत नेलीत तर उत्तमच.

घरातली फरशी हा या आजारातला दुर्लक्षित शत्रू आहे. व्हिट्रिफाइड टाइल्सवर निरोगी कुत्रासुद्धा घसरतो. दुखऱ्या मनगटाचा कुत्रा एकदा पाय फाकून पडला की पुढे दोन दिवस उठायलाच धजावत नाही. झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांच्या मध्ये सलग काथ्याच्या चटया किंवा रबरी मॅट अंथरा. पंजांच्या गाद्यांमधले केस आणि नखं कापलेली ठेवा. खाली जाड गादी घाला. पावसाळ्यात ती ओली राहणार नाही हे पाहा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत मोठा कुत्रा असेल तर पोटाखालून जुना पंचा किंवा मऊ चादर घेऊन दोघांनी धरून त्याला उतरवता येतं. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला, कारण काही कुत्र्यांची मानही दुखत असते. सांधा गरम आणि सुजलेला असताना शेकू नका, मालिशही नको. दाह उतरल्यावर मात्र छोट्या, सपाट रस्त्यावरच्या फेऱ्या रोज हव्यात. स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू झपाट्याने घटतात. नुसतं झोपवून ठेवलं तर सांधे बरे होऊनही कुत्र्याला उभं राहायला ताकद उरत नाही.

काही कुत्र्यांत डोस कमी करताना दुखणं डोकं वर काढतं, किंवा स्टेरॉइडचा त्रासच फार होतो. तेव्हा लेफ्लुनोमाइड, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन यांपैकी एखादं औषध जोडीला येतं. यांच्यासाठी ठरावीक अंतराने रक्त तपासावं लागतं आणि खर्चही वाढतो. हा खर्च पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोलून घ्यावा. अर्ध्यावर पैसे संपल्याने औषध एकाएकी थांबणं कुत्र्याला सगळ्यांत महागात पडतं. या गोळ्या कुटायच्या नाहीत, हातमोजे घालून द्यायच्या, आणि घरात कुणी गरोदर असेल तर त्यांनी हातही लावायचा नाही.

रोजच्या नोंदी ठेवा. साधी वही चालते: सकाळी किती वाजता आपणहून उठला, पहिल्या दहा पावलांत लंगडला का, किती खाल्लं, कोणती गोळी किती दिली. डिजिटल थर्मामीटरला थोडं व्हॅसलिन लावून गुदद्वारातून ताप घ्यायला शिका, अवघड नाही. कुत्र्याचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०१ पाहून घाबरू नका. १०३च्या वर गेलं आणि सकाळचा ताठरपणा परत आला, तर डोस मनाने वाढवू नका आणि दोन दिवस वाटही पाहू नका. फोन करा. वाढीचा पहिला दिवस पकडला तर औषधात थोडासा बदल पुरतो.

गोचिडांचा बंदोबस्त वर्षभर हवा. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे अंडी घालते, हजारांनी. नुसता कुत्रा धुऊन उपयोग नसतो, त्या फटीही साफ कराव्या लागतात. औषधाची चघळायची गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध तारखेवर द्या.

लसींबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे. डिस्टेंपर, पार्व्होच्या नेहमीच्या लसींत जिवंत, दुबळे केलेले विषाणू असतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना त्या सहसा पुढे ढकलतात. रेबीजच्या लसीत विषाणू मृत असतो. तरी ती कधी द्यायची, हे आजार किती शांत आहे ते पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं. तारीख जवळ आली असेल तर आपणहून विषय काढा, कारण सांध्यांच्या गडबडीत ती विसरली जाते, आणि आपल्या देशात रेबीजची तारीख विसरणं परवडत नाही.