गायक निवडायचा की नट?

हौशी संस्थेला ‘पंडितराज जगन्नाथ’ बसवायचंय असं समजू. विद्याधर गोखल्यांच्या या संगीत नाटकाचा नायक म्हणजे शाहजहानच्या दरबारातला संस्कृत कवी. त्याला गळा हवा, तशीच वाणीही. निवडीत बहुधा पेटीवर पद ऐकतात, उतारा वेगळा वाचून घेतात. आम्ही मात्र उमेदवाराला पदाआधीची चार वाक्यं बोलून थेट पदात शिरायला सांगतो. वाक्य संपून सूर लागतो त्या क्षणी तो जगन्नाथच राहतो, की मैफिलीला बसतो? प्रश्न या सांध्याचा आहे. कच्ची तान तालमीत सुधारते, हा सांधा क्वचितच. अर्थात गावातल्या नावाजलेल्या गवयाला नकार कोण देणार? तिकिटं त्याच्याच नावावर खपायची असतात! त्याला दरबारातल्या गायकाचं काम द्यावं, आणि कारण तोंडावर सांगावं.