फोटो दाखवा, आकडेही सांगा

कुरखेडा, वडसा, आरमोरी भागातील हौशी तरुण-तरुणी हल्ली आपण काढलेले ताजे फोटो मोबाईलवरून एकमेकांना पाठवीत असतात. सती नदीचा काठ, मोहफुले वेचणाऱ्या आयाबाया, लग्नसोहळे, नाटकाची रात्र. पाहणारे ‘छान’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. आमचे सांगणे एवढेच, की फोटोखाली तीन आकडे लिहावेत : आयएसओ, छिद्र आणि वेग. आयएसओ म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला ते, छिद्र म्हणजे भिंगाचे तोंड किती उघडले ते आणि वेग म्हणजे किती वेळ उघडले ते.

हा नुसत्या हौसेचा प्रश्न नाही. समोरचे दृश्य एकंदरीत करडे आहे, असे धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. बुद्धपौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला पांढऱ्या वस्त्रांतील समुदाय समोर आला, की तो उजेड कमी करतो. वस्त्रे करडी दिसतात आणि सावळे चेहरे काळवंडतात. मग घरातील आई म्हणते, “माझा फोटो चांगला येतच नाही.” दोष तिच्या रंगाचा नसतो, मोजणीचा असतो.

याला इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचा नमुना फोटो पुरवीत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. पुढे गडद रंग नीट उमटावेत म्हणून फिल्म सुधारली गेली, तीदेखील चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांनी तक्रारी केल्यावर!

उपाय सोपा आहे. पांढरा समुदाय असेल तर कॅमेऱ्यावरील अधिक-उणे चिन्हाचे बटण वापरून उजेड अधिक एक करावा. माणसांना झाडाच्या सावलीत घ्यावे. तिथे आयएसओ २००, छिद्र ५.६ आणि वेग सेकंदाचा दोनशेवा भाग, इथून सुरुवात करावी. मोबाईल असेल तर पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड वाढवावा.

झाडीपट्टीच्या नाटकात मात्र नेमके उलटे होते. याच तालुक्यातील गुरनोलीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून या रंगभूमीकडे अनेकांचे लक्ष वळले आहे. रात्रीच्या रंगमंचामागे काळोख असतो. कॅमेरा उजेड वाढवितो आणि नटाचा चेहरा पांढराफटक पडतो. तिथे उणे एक करावे. आयएसओ १६००, छिद्र २.८, वेग सेकंदाचा सव्वाशेवा भाग, एवढ्यावर पहिला फोटो काढून पहावा आणि पुढे कमी-जास्त करावे. फ्लॅश टाळावा, नटाचे डोळे दिपतात.

एक लहान वही जवळ ठेवावी. तारीख, वेळ, ठिकाण आणि हे तीन आकडे त्यात टिपावेत. बिघडलेल्या फोटोचेही टिपावेत, कारण नवशिक्याला त्यातूनच अधिक समजते. येत्या कार्यक्रमात घरातील वडीलधाऱ्यांचे फोटो या रीतीने काढा आणि आकड्यांसह शेजारच्या मुला-मुलींनाही दाखवा.