मिठाच्या पुडीवर तारीख लिहा

आपली चार मंडळी जमली की बीपीचा विषय निघतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गोळीशिवाय काही घरगुती उपाय आहे का? आहे. पण तो लसणाच्या पाकळीत किंवा एखाद्या काढ्यात शोधण्यापेक्षा आधी मिठाच्या बरणीपाशी शोधावा, असे आम्हांला वाटते.

मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. चौघांच्या घरात या हिशेबाने १ किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. बाहेरचे खाणे धरले तर त्याहूनही जास्त. लोणची घालायचा महिना सोडून एकदा मोजून पाहा. आमच्यापैकी काहींनी मोजले, तर पुडी महिन्याच्या आतच संपली होती.

मिठातले सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, त्यामुळे रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो. आणि हे सोडियम भाजी-आमटीतूनच येते असे नाही. लोणचे, सांडगे, कुरडया, चिवडा यांत ते भरपूर असते. पापडात तर मिठाखेरीज पापडखारही असतो. तोही सोडियमचाच, पण खारट लागत नाही म्हणून कळत नाही. नया बाजारातून येताना घेतलेली कचोरी आणि नमकीनची पुडी, पाव, बिस्किटे यांचाही हिशेब धरावा. उपासाचे सैंधव, म्हणजे इथले सेंधा नमक, निरुपद्रवी असते असा समज आपल्याकडे पक्का आहे. पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. एकादशीच्या खिचडीतही हात आखडताच हवा.

मीठ एकदम तोडू नये, हळूहळू कमी करावे. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. पोळीच्या कणकेत आणि भातात मीठ घालणे थांबवता येते. ताक बिनमिठाचे प्यावे; जिरेपूड, कोथिंबीर पुरते. आमटीला आमसूल किंवा लिंबू असले की मीठ कमी असल्याचे फारसे जाणवत नाही. ताटात डावीकडे मीठ वाढायची आपली रीत मोडायला नको, चिमूट लहान करावी. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच आणावे.

काय कमी करावे इतकेच काय वाढवावे हेही महत्त्वाचे. १९९७ साली अमेरिकेत ४५९ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मिठाचे प्रमाण तेवढेच ठेवून आहारात भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही वाढवले, तर ज्यांचे बीपी मुळात जास्त होते त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ने उतरला. आपल्या भाषेत सांगायचे तर कोशिंबीर, पालेभाजी, डाळ आणि साय काढलेल्या दुधाचे ताक. बहादुराचे लाडू अटलजींनाही प्रिय होते, आपल्यालाही आहेत. सणावारी जरूर खावेत, पण रोज नकोत. वजन वाढले की बीपीही वाढते. दारू आणि तंबाखूबद्दल वेगळे सांगायला नको.

चालणे आठवड्याला १५० मिनिटे तरी हवे. रोज अर्धा तास, पाच दिवस. फूलबागेकडे जा किंवा गल्लीतच फेऱ्या मारा. मात्र ग्वाल्हेरच्या जानेवारीत पहाटेच्या धुक्यात निघू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढते. ऊन आल्यावर, कान झाकून निघावे.

बीपी मोजताना आपण सगळेच घाई करतो. जिना चढून आल्या आल्या किंवा चहा पिऊन लगेच मोजले तर आकडा फसवा येतो. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. न बोलता, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून लिहून ठेवावे. घरी वारंवार १३५/८५च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. १८०/१२०च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे असे काही असेल तर थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

आणि चालू गोळी? बीपी बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. आकडा चांगला येतो तो अनेकदा गोळीमुळेच. “आता बरे वाटते” म्हणून ती आपल्या मनाने बंद केली की दाब पुन्हा चढतो, आणि पहिली खूण कधी कधी थेट पक्षाघाताचीच असते. सवयी बदलल्यावर आकडे उतरले तर लिहिलेली वही डॉक्टरांपुढे ठेवावी; गोळी कमी करायची की नाही ते ठरवतील.

आज घरात मिठाची नवी पुडी फोडणार असाल तर तिच्यावर पेनाने तारीख लिहा.