घरकुलाची यादी : गावात आणि शहरात
हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी या नगरपरिषदा; औंढा नागनाथ, सेनगाव या नगरपंचायती. गावात घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे येते. नाव का वगळलं, हे मतदार उभा राहून विचारू शकतो. शहरात मात्र अर्ज नगरपरिषदेच्या छाननीतून राज्य आणि केंद्राच्या मंजुरीला जातो. शहरात ग्रामसभा नसते; 74व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या, त्याही तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांना. जिल्ह्यातलं एकही शहर त्यात बसत नाही. घरांच्या प्रश्नावर सार्वमताचीही सोय नाही. एखाद्या प्रश्नावर थेट कौल मिळतो तो दारूच्या दुकानापुरता: मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान सुरू राहावं) आणि आडवी बाटली (दुकान बंद व्हावं). गावासारखीच शहरातही घरकुलाची यादी प्रभागातल्या लोकांसमोर वाचलीच पाहिजे.